इरलं पांघरलेला इटालियन बंगला

मित्रांनो, कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलात की उतारावर सुरूच्या झाडांची एक रांग दिसते. तिच्यामागे उभा असलेला जुना बंगला म्हणजे मी. लोक मला इटालियन बंगला म्हणतात. म्हणू देत. माझ्या अंगात मात्र इथलाच काळा दगड आहे आणि चुन्यात इथलाच गूळ.

माझे मालक सयाजीराव सरकार तरुणपणी इटलीला गेले होते. तिथल्या एका सरदाराच्या तळ्याकाठच्या महालात ते पाहुणे म्हणून राहिले आणि त्या महालाच्या प्रेमातच पडले. कमानी, खांब, टप्प्याटप्प्यानं उतरणारी बाग, एका हौदातून दुसऱ्या हौदात पडणारं पाणी, सगळं कागदावर उतरवून घेऊन आले. मग काय विचारता! बैलाच्या घाण्यावर चुना दळला जाऊ लागला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर पडला. आकाराम मिस्त्री नकाशा उलटासुलटा करून बघायचे, "असली कमान कुणाच्या बापानं बघितलीया?" म्हणायचे आणि ती उभी करायचे. तिकडून आणलेली उंच झाडांची रोपं काही जगली नाहीत, म्हणून त्यांच्या जागी सुरू लावले.

एक गोष्ट मात्र सरकारांच्या ध्यानात आली नाही. इटलीतला कमानींचा सोपा, आपल्या ओसरीसारखा, तळ्याकडे उघडा होता, म्हणून माझाही पश्चिमेला उघडा ठेवला. आपल्याकडचा पाऊस येतो तो पश्चिमेकडूनच. पहिल्याच आषाढात दिवाणखान्यातले गालिचे भिजून लगदा झाले. सरकार पार हिरमुसले. शेवटी मिस्त्रींनी कमानींपुढं कौलांचं रुंद छप्पर उतरवलं. ते बघून पावसाला आडोसा म्हणून पानांची इरली डोक्यावर घेऊन रोपलावणीला शाहूवाडीकडं निघालेल्या बाया हसल्या, "इटलीच्या बाईनं इरलं घेतलंय की!" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्या इरल्याखाली मी कोरडा राहिलो आणि हळूहळू ते मला आवडायला लागलं.

काय दिवस होते ते! हौदाकाठी मोगरा फुलायचा, चैत्रात सोप्यात हळदीकुंकू व्हायचं, पन्हाळ्याला जाणारे लोक वाट वाकडी करून मला बघून जायचे. पुढं सरकार गेले. हौद आटले, बागेच्या खालच्या टप्प्यावर वैरण पिकू लागली. घरची मंडळी पांगली. सरकारांचे पणतू विजयसिंह तेवढे माझ्यापाशी राहिले.

मग महापुराचं ते साल आलं. खालच्या गावांत पाणी शिरलं आणि माणसं जनावरं घेऊन माझ्या फाटकाशी उभी राहिली. विजयसिंहांनी फाटक सताड उघडलं. "पावणं, आत या. खांबाला बांधा म्हसरं," म्हणाले. इटलीच्या नकाशातल्या खांबांना म्हशी बांधल्या, मित्रांनो! शेणामुतानं सोपा भरून गेला, बायकांनी कोपऱ्यात चुली मांडल्या. इतकी माणसं माझ्यात कित्येक वर्षांत नांदली नव्हती. पाणी ओसरून ती परत गेली तेव्हा मला करमेना.

गेल्या वर्षी विजयसिंहांची लेक तेजस्वी परतली. जुन्या इमारती दुरुस्त करण्याचं शिक्षण घेतलेली, हुशार पोर. तिनं हौद साफ केले, पुन्हा चुना दळून घेतला. माझ्या जिवात जीव आला. मग एके सकाळी खापरपणजोबांचा नकाशा पसरून ती म्हणाली, "आबा, हे छप्पर मूळ नकाशात नाही. काढायचं. कमानींना काचा बसवू, म्हणजे पाऊस आत येणार नाही."

लेकीचं मन विजयसिंहांना मोडवेना. माणसं वर चढली, कौलांची पहिली ओळ खाली आली. मी घाबरलो. मला पावसाची भीती नव्हती. सोपा बंद होणार, याची होती.

तेवढ्यात खालच्या गावचा जोतीराम रोजच्यासारखा दूध घालायला आला. वर बघून त्यानं विचारलं, "ताई, मग पूर आला तर आमी म्हसरं घिऊन कुठं यायचं?"

तेजस्वीनं खांबाकडं पाहिलं. तिथला गिलावा घासून गेला होता आणि तो गुळगुळीत करायचा म्हणून तिनंच खडूनं खूण केली होती. "हे दाव्यांनी घासलंय?"

"व्हय की. माझी म्हस हितंच बांधलेली. व्यालीबी हितंच. तिच्या त्या रेडीचंच दूध तुमी आता पिताय."

तेजस्वीनं त्या घासलेल्या जागेवर हात फिरवला. मग वर चढलेल्या माणसांना म्हणाली, "कौलं परत बसवा."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी घरं तुमच्याही गावात असतील. त्यांच्या भिंतींवर नावं कोरू नका, हौदात कचरा टाकू नका. आणि दुरुस्त करायला निघालात, तर आधी तिथं कोण आसऱ्याला येतं ते विचारा.

परवा जोतीरामनं ती दूध देणारी म्हैस हौदावर पाण्याला आणली. पाणी पिऊन ती सरळ सोप्यात शिरली आणि खांबाला अंग घासू लागली. खांबाला नुकताच लावलेला नवा चुना भुरभुरला. जोतीराम तिला ओढायला धावला, तर तेजस्वी म्हणाली, "घासू दे तिला. जन्मली हितं ती."