देवाला आडाचं पाणी

"सतराही रुग्ण नळाचं पाणी पितात आणि नळाचं पाणी तपासणीत स्वच्छ. मग कावीळ आली कुठून?" माझा तक्ता फळ्यावर चिकटवून तनुजा मॅडमनी मला उभं केलं.

वर्गात वयानं सगळ्यात मोठी मीच. एकवीस वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. साथरोगशास्त्राच्या पदवीनंतरच्या प्रमाणपत्रासाठी दर शनिवारी देवगाव रंगारीहून एसटीनं संभाजीनगरला येते. प्रकल्पाला आमच्याच वस्तीतली साथ घेतली होती. सतरा रुग्ण, एक मृत्यू. मेघा, म्हाळसाबाईंची सून. सातवा महिना होता तिला. पिण्याचं पाणी कुठलं, हे घरोघर मीच विचारलं होतं. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

"ज्याला माणसं पाणी म्हणत नाहीत, असं काही पोटात जातं का, ते विचारून या," मॅडम म्हणाल्या.

एसटीत जपाची माळ घेऊन बसले, पण मनात यादीच फिरत होती. ताक, रस, बर्फाचे गोळे.

रविवारी पहाटे रोजच्याप्रमाणे खंडोबाच्या देवळात गेले. बारा वर्षांचा नेम आहे माझा. देवळामागच्या आडाचं पाणी शेंदायचं, देवाला घालायचं आणि येईल त्याच्या हातावर पळीभर तीर्थ द्यायचं. नळाचं पाणी देवाला चालत नाही. वस्तीत नळ आल्यापासून तो आड फक्त देवाचा. वाटून झाल्यावर उरलेलं तीर्थ तांब्यात घेऊन मी म्हाळसाबाईंकडं गेले. मेघाला पाचवा लागला तेव्हापासून त्यांच्या घरी तीर्थ पोचवत होते, ती सवय मोडली नव्हती.

त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मेघा काय काय प्यायची, ते मी पुन्हा विचारलं.

"परत तेच? तुझ्या कागदाचं पोट भरंना व्हय गं?" त्या म्हणाल्या. "नळाचंच प्यायची. ते बी उकळून. तूच सांगितलं व्हतंस तिला, लई ऐकायची तुझं. शेवटाला तर काईच ठरत नव्हतं पोटात. तू आणायचीस ते तीर्थ तेवढं घ्यायची."

हातातला तांब्या मी जमिनीवर ठेवला.

आडापासून दहा पावलांवर भक्तनिवासाच्या संडासाचा नवा खड्डा. त्याचा नारळ मीच फोडला होता.

"मावशी," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मी तेच तीर्थ रोज घेत होते. मला लहानपणी कावीळ होऊन गेलेली, म्हणून मी वाचले असेन, हेही सांगितलं. त्यांनी हातातली शेंग फोडली नाही. नुसती धरून ठेवली.

दुपारी आडावर पत्रा टाकला. तपासणीसाठी बाटली भरली. तक्त्यात नवा रकाना आखला, तीर्थ, आणि बाकीची सोळा घरं पुन्हा फिरले. सोळाही घरांतून उत्तर आलं, "घेतो की, रोज."

सोमवारी पहाटे देवळात उभी राहिले. सवयीनं लोकांचे तळहात पुढं येत होते. मी एकेकाला सांगत होते, आडाचं पाणी खराब झालंय, आज तीर्थ नाही. पळी ताम्हणात पालथी पडली होती.

सगळ्यांच्या शेवटी म्हाळसाबाई आल्या. मला मान वर करवेना. त्यांनी हात पुढं केला नाही. डोक्यावरचा पदर जरा मागं सारला आणि कपाळ पुढं केलं.

"भंडारा तरी लाव," त्या म्हणाल्या.

मी बोट भंडाऱ्यात बुडवलं. त्यांच्या कपाळापर्यंत ते पोचायला फार वेळ लागला.