पुस्तिकेवरचं नाव

ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांचं. कोणीही फुकट वापरावं, कोणीही भर घालावी. तरी दवाखान्यांसाठी केलेल्या त्या प्रोग्रॅमच्या प्रमुखाला सगळे 'मालक'च म्हणायचे, आणि त्यालाही ते गोड लागायचं. प्रोग्रॅम कसा वापरायचा ते सांगणारी ऑनलाइन पुस्तिका मात्र लिहिली होती मास्तरणीने. हे तिचं टोपणनाव. नवख्याला कळेपर्यंत ती एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगायची, म्हणून पडलेलं. तीन वर्षं, नोकरी सांभाळून, एकशे बारा पानं! पानाखाली आपलं नाव दिसतं, तेवढ्यावर बाई खूश होती.

मग एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. काम हेच, पुस्तिका लिहिण्याचं. तिने ऐटीत पुस्तिकेचा पत्ता दिला. समोरच्या बाईंनी एक पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं.

"इथे तुमचं नाव कुठेच दिसत नाही हो."

खरंच नव्हतं. मागच्याच महिन्यात मालकाने पुस्तिका नव्या साइटवर हलवली होती, आणि हलवता हलवता प्रत्येक पानाखाली 'लेखन' म्हणून स्वतःचं नाव टाकून दिलं होतं. नोकरी हुकली ती हुकलीच, वर खोटारडी ठरली ते वेगळं.

तिने मालकाला फोन लावला. "अगं, नावासाठी करतेस का तू हे?" तो हसत म्हणाला. "आणि सगळीकडे एकच नाव असलं की बरं दिसतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं दिसतं काय? थांब लेका, दाखवते.

मालकाची एक खोड तिला पाठ होती. तिने पाठवलेला बदल तो कधी वाचतच नसे. 'छान' एवढं लिहायचा, मंजूर करायचा आणि मोकळा. म्हणजे काहीही घुसडता येणार होतं. तिने जुन्या नोंदी परत आणायच्या पायऱ्यांपैकी दोन उलट्यासुलट्या केल्या. त्याप्रमाणे कोणी गेलं असतं, तर दिवसभराच्या नोंदी साफ! आता पाठवणार, तोच ताईचा फोन आला. ताई एका दवाखान्यात नर्स.

"अगं, आज नवीन डॉक्टरीण आली. तुझं सतरावं पान उघडून दिलं, एका झटक्यात समजलं तिला!"

मास्तरणीने निमूट पायऱ्या सरळ केल्या. ताईच्या पेशंटांनी तिचं काय घोडं मारलं होतं?

राग मात्र तसूभर उतरला नाही. तीन वर्षं तिने मालकाच्या चुकांवर पांघरूण घातलं होतं. प्रोग्रॅम अडकायचा, तिथे ही लिहायची, 'थोडा वेळ थांबावे'. एकाच नावाचे दोन पेशंट असले की भलत्याचीच माहिती उघडायची, तिथे 'जन्मतारीख पडताळावी'. झाकली मूठ सव्वा लाखाची! तिने मूठ उघडायची ठरवली. एक अक्षर खोटं लिहायचं नाही; लोकांच्या तक्रारी साइटवर उघड्या होत्याच. फक्त लेखन मालकाचं आहे ना, मग बोलू दे मालकालाच.

पंधरा दिवसांत तिने छत्तीस पानं बदलली. छत्तीसही पानांवर 'छान' आलं.

पुढच्या आठवड्यात वीस दवाखान्यांचे डॉक्टर एका हॉलमध्ये जमले. प्रोग्रॅम पसंत पडला तर मालकाला ते मोठ्या पगारावर सल्लागार नेमणार होते. मालक कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. "ही पुस्तिका मी स्वतः, रक्त आटवून लिहिली आहे," तो म्हणाला आणि त्याने ती भल्यामोठ्या पडद्यावर उघडली.

तिसऱ्या रांगेतून, आपल्या डॉक्टरांबरोबर आलेल्या ताईने हात वर केला. शेजारी तिने सोबत आणलेली मास्तरीण बसली होती. "सतरावं पान वाचता का जरा?"

मालक खड्या आवाजात वाचू लागला. "एकाच नावाचे दोन पेशंट असल्यास चुकीच्या पेशंटची माहिती उघडते. म्हणून नेहमी पेशंटचा नंबर टाकूनच शोधा. हा दोष अकरा जणांनी मला कळवला. मी..." त्याने घाईघाईने माउस शोधला.

पुढचं वाक्य पहिल्या रांगेतल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून वाचलं. "मी तीन वर्षांत एकालाही उत्तर दिलेलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "लेखन तुमचंच ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात मालकाची नजर तिसऱ्या रांगेवर गेली. "मी नाही! हे हिने लिहिलंय!"

"हे पान, की सगळी पुस्तिका?" बाईंनी विचारलं.

मालकाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "सगळी," तो पुटपुटला. "पहिल्या पानापासून."

मास्तरीण उठून उभी राहिली.

"जरा मोठ्याने सांगा ना मालक. मागे ऐकू गेलं नाही."