दात नसलेल्या माणसाची तपासणी

ऑरिन ट्वेट माझा थोरला भाऊ. आमच्या साउथ डकोटातल्या गुरांच्या बाजारात तो वर्षानुवर्षं लिलाव पुकारायचा. आकडे तोंडातून असे सुटायचे की नवख्याला एक शब्द कळत नसे, पण बोली कुठवर चढली ते बरोबर कळे. मी खाली रिंगणात गुरं सोडायचो. तो वरून माईकवर म्हणायचा, "वासराकडे बघा मंडळी, शेजारचा म्हातारा विकायला नाही!"

ओठाखाली तंबाखूची चिमूट धरायची सवय त्याला विशीपासूनची. साठीच्या आतच सगळे दात गेले. कवळी बसली तेव्हा म्हणाला, "चला, डेंटिस्टची कटकट संपली." पुन्हा त्या दारात पाऊल टाकलं नाही.

त्याची बायको मार्लिस मात्र नेमानं दात साफ करून घ्यायला जायची. एका शरदात तिथे पॉलसन नावाच्या नव्या डॉक्टरबाई आल्या. दात बघून झाल्यावर त्यांनी मार्लिसची जीभ कापडाच्या घडीत धरून दोन्ही कडा पाहिल्या, जिभेखाली बोट फिरवलं, मान चाचपली.

"हे कशासाठी?" मार्लिसनं विचारलं.

"कॅन्सर नाही ना, ते बघते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून सगळ्यांचं बघते. घरात कुणाला बरी न होणारी जखम वगैरे?"

मार्लिसला ऑरिन आठवला. उन्हाळ्यापासून ऑरिन मांस अगदी बारीक कापून खात होता. कवळी टोचून जिभेला जखम झालीय म्हणत त्यानं कवळीची कड गॅरेजमध्ये कानशीनं घासली होती.

घरी आल्या आल्या तिनं विषय काढला.

"मला दातच नाहीत. काय हिरड्यांना पॉलिश करणार ती?"

"जीभ आहे ना? दिवसभर चालू असते."

"कवळी लागतेय गं, बाकी काही नाही."

"कवळी काढून ठेवलीस तरी जखम तशीच आहे, ऑरिन. ऊठ."

तो गेला, तेही तिची समजूत काढायला म्हणून. परत येताना मात्र गाडीत एकही विनोद केला नाही. पॉलसनबाईंनी जिभेचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. पुढच्या तपासण्यांत कळलं, जिभेच्या कडेला कॅन्सर होता आणि तो मानेतल्या गाठींपर्यंत उतरला होता.

मोठ्या शहरातले सर्जन म्हणाले, "वर्षभर आधी दिसलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं."

"कुणाला दिसलं असतं?" मार्लिसनं विचारलं.

"तोंड उघडून बघणाऱ्या कुणालाही," ते हळूच म्हणाले.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी ऑरिननं पूर्ण लिलाव पुकारला. शेवटचं वासरू गेल्यावर माईक बंद केला आणि तिथेच बसून राहिला. मी वर गेलो. "घसा बसला रे," म्हणाला. घसा बसला नव्हता.

अर्धी जीभ काढली. नंतर तो बोले ते मार्लिसला कळे, कधी मला. बाकीचे नुसतं "हो, हो" म्हणत. ते त्याला सहन होईना. बाजारात येणं त्यानं सोडलं.

फक्त एकदा आला. गेलन रूक नावाचा जुना खरेदीदार, खिशात तंबाखूची डबी, त्याला भेटायला पुढे आला. ऑरिननं त्याचा दंड पकडला आणि त्याच्यासमोर तोंड उघडलं. गेलननं मान वळवली, तरी ऑरिननं दंड सोडला नाही. मग माझ्याकडे वळून त्यानं काहीतरी सांगितलं. मला तिसऱ्या खेपेला कळलं. मी गेलनला म्हटलं, "पॉलसनबाईंकडे जा म्हणतोय. उद्याच."

हिवाळ्यात मानेत पुन्हा गाठ आली. बर्फ वितळायच्या आत ऑरिन गेला.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते. गेलन मार्लिसपाशी आला. टोपी हातात चुरगळत म्हणाला, "मी गेलो होतो. गालाच्या आत पांढरा डाग निघाला. पुढं कॅन्सर झाला असता म्हणाल्या. काढून टाकला. सूपसुद्धा दुसऱ्याच दिवशी प्यायलो."

"बरं झालं, गेलन," ती म्हणाली आणि त्याला केकची बशी दिली.

गाडीत बसल्यावर मात्र तिला रडू आवरेना. "इतकी वर्षं मी त्याच्या नाकासमोरून डेंटिस्टकडे जात होते, व्हर्लिन. म्हणायचे, येते रे जाऊन. तो म्हणायचा, माझ्या वाटणीचेही दात घासून ये. आणि मी हसायचे."

मी गाडी सुरू केली आणि तिला घरी घेऊन गेलो.