पाण्याखालचे पिंजरे

गुड फ्रायडेच्या सकाळी मी पापांच्या घरामागच्या तळ्यावर पिंजरे काढायला गेले. बाराही पिंजरे पूर्ण पाण्याखाली होते.

क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले झिंगे; त्यांच्या पिंजऱ्याची मान वीतभर तरी पाण्याबाहेर हवी. आत अडकलेले जीव जाळीवरून वर चढतात आणि हवा घेतात, नाहीतर रात्रभरात गुदमरून मरतात. आमच्याकडे पोर चालायला लागलं की एवढं शिकतंच, आणि मला तर ते पापांनीच शिकवलेलं. पाऊस पडून पाणी चढलं असेल, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण सायप्रसच्या खुंटावरची ओली रेघ होती तिथेच होती. आठवडाभर थेंब पडला नव्हता. पापांनीच काल संध्याकाळी स्वतःच्या हातांनी ते पिंजरे तळाशी दाबले होते. मी पहिला वर ओढला, तर वास आला. दुसरा, तिसरा, तेच. एकही जिवंत नव्हता.

एरवी मी त्यांना चिडवून सोडून दिलं असतं. पण दुपारी ह्यूस्टनहून थोरला भाऊ येणार होता, उलिस. "पापा एकटे राहू शकतात का, ते मी डोळ्यांनी बघतो," असं तो फोनवर म्हणाला होता. "जमत नसेल तर घराला कुलूप आणि पापा माझ्याकडे." त्याच्याकडे म्हणजे सातव्या मजल्यावर! खिडकीतून बघायचं काय, तर लोकांच्या उभ्या गाड्या. दरवर्षी गुड फ्रायडेला अख्ख्या घराला क्रॉफिश खाऊ घालणारा माझा बाप तिथे महिनाभरसुद्धा टिकला नसता.

मी मेलेला माल झाडीत पुरला आणि पापा उठायच्या आत शेजारच्या नोलाइकडे धावले.

"अख्खी गोण?" नोलाइ म्हणाला. "तुझ्या पापांना चालेल का गं? जन्मभर माझ्या मालाला नावं ठेवलीत त्यांनी. 'नोलाइचे क्रॉफिश म्हणजे धुतलेलं फडकं, ना रंग ना चव.'"

"त्यांना सांगायचं नाहीये."

"सांगायला कशाला हवं, क्लेलि? उलटा करून पोट बघतील, झालं. तुमच्या तळ्यातल्यांचं चिखलाने काळं पडतं, माझ्या भातखाचरातल्यांचं पांढरंफेक. यात म्हाताऱ्याचा हात धरणारा कोणी नाही. वर्षभर माझी टिंगल करतील, बघ."

"करू देत. गोण दे."

मी गोण ओलं पोतं टाकून सावलीत ठेवली. पापा बाहेर आले. "काढलेस पिंजरे? चांगले भरले होते ना?"

"भरले होते, पापा," मी म्हणाले. गोणीवरचं पोतं सारखं केलं.

दुपारी उलिस आला. अंगणात खुर्ची टाकून बसला आणि परीक्षा घ्यायला आल्यासारखा बघत राहिला. मी पापांच्या पातेल्यापाशी उभी. त्यांनी गॅस पेटवला तेव्हा मी त्यांचे हातच बघत होते. मीठ दोनदा टाकलं तर? मसाला विसरले तर? पण हात बरोबर चालत होते. लिंबं पिळली, बटाटे आधी, कणसं मागून, मग क्रॉफिश.

"अगं, अंगावर काय पडतेस माझ्या? हातभर लांब राहा," ते खेकसले. उकळी आल्यावर गॅस बंद केला आणि झाकण लावलं. "आता वीस मिनिटं मुरू देत. कोणी झाकणाला हात लावला तर बोटं तोडीन."

उलिस हसला. सकाळपासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

टेबलावर वर्तमानपत्रं पसरून पापांनी लालभडक ढीग ओतला. वाफेने डोळे चुरचुरले. त्यांनी सवयीने एक उचलला आणि उलटा केला. आता ओळखणार! उलिससमोरच विचारणार, हा कुठून आणलास म्हणून. मी कणीस हातात धरून तशीच बसले.

पापांनी त्या पांढऱ्या पोटावरून अंगठा फिरवला. डोकं मोडलं, चोखलं, शेपटी सोलून तोंडात टाकली.

"बघ उलिस," ते म्हणाले, "याला म्हणतात आपल्या तळ्याचा माल. नोलाइला मेला तरी जमायचं नाही."

उलिस खो खो हसला. मीही हसले. सकाळपासून मी घाबरत होते की ते ओळखतील. ते ओळखणार नाहीत, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यानंतर मी ढिगातला एकही उचलला नाही.

निघताना उलिसने मला गाडीपाशी गाठलं. "मीच मूर्ख. पापा ठणठणीत आहेत! आता घर बंद करायचं नावही काढणार नाही. तूही रोज सकाळी धावत येत जाऊ नकोस, स्वतःचं घर बघ."

मला हवं होतं ते सगळं तो बोलला होता. त्याने गाडी सुरू केली. मागे पापा पातेलं घासायला पाणी तापवायच्या तयारीत होते. गॅसवर वाकून काडी ओढत होते, एक विझली, दुसरी ओढली. गॅस आधीच चालू केला होता की नाही, मला इथून दिसत नव्हतं.

मी गाडीचं दार उघडून धरलं. "उलिस, खाली उतर," मी म्हणाले. "ते क्रॉफिश पापांचे नव्हते."