माझ्या धुरांड्यावरचं डबडं

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. म्हातारपणी शांत राहावं म्हणतात. पण तुम्हाला कोणी आंघोळ घालून, नवे कपडे चढवून, तोंडात बोळा कोंबून गावासमोर उभं केलं आणि वर 'हा बोलत का नाही?' असं विचारलं, तर तुम्ही शांत राहाल का?

पाचोऱ्याजवळच्या या गावात मी आलो तेव्हा माझे मालक वनाआबा ऐन तारुण्यात होते. आम्ही दोघांनी कपाशीची रानं नांगरली, लग्नांची वऱ्हाडं वाहिली. मी बंद पडलो की आबा काठीने मला बडवत आणि मग स्वतःच ग्रीस भरत. आभाळ भरून आलं की त्यांच्या पत्नी भिकुबाई माझ्या उभ्या धुरांड्यावर तेलाचं रिकामं डबडं पालथं घालत, इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. एवढी काळजी मला पुरे होती. पुढे नवा ट्रॅक्टर आला आणि मी निंबाखाली गेलो. सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

यंदा आबांच्या मुलाला, प्रेमराजला, मला नव्यासारखं करायची हौस आली. पाचोऱ्याच्या सुकदेव मिस्त्रीने इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, पंप साफ केला. त्याच्या गॅरेजात मी असा धडधडलो, की मला रडूच आलं. लोकांना वाटलं डिझेल गळतंय.

घरी आलो आणि अवकाळीचं आभाळ आलं. भिकुबाईंनी सवयीने डबडं घातलं. दुसऱ्या दिवशी कुंदन पेंटर हजर. या गृहस्थाने बॉनेट रंगवलं, चाकं रंगवली आणि डबडंही न काढता रंगवलं! डबडं आणि धुरांडं, दोन्हींवर चंदेरी रंगाचा जाड थर. आमच्या उन्हात तो वाळून डबडं असं चिकटलं, की ओढूनही निघालं नसतं. प्रेमराज खूश. म्हणाला, "टोपी मस्त दिसस!"

टोपी! मित्रांनो, माझा जीव कसा तळमळला असेल!

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मला गावासमोर सुरू करायचं ठरलं. सोनगीरचा एक ढाबेवाला मला दारात उभं करून दिव्यांच्या माळा लावायला टपलाच होता. प्रेमराजने त्याला सांगून ठेवलं होतं, सुरू झाला तर घरी राहील, नाही तर तुझा. आबांची मात्र एकच इच्छा होती, मला एकदा शेतापर्यंत स्वतः चालवत न्यायचं.

त्या दिवशी आबांनाही कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून खुर्चीत बसवलं होतं. माहेरी आलेल्या लेकी मोबाइल काढून उभ्या होत्या.

"माले एक फेरा मारू दे, प्रेमराज," आबा म्हणाले.

"तुम्ही बठा ना, आबा. कपडा खराब व्हतीन. फोटोपुरतं हासा."

प्रेमराजने किल्ली फिरवली. मी पेटलो, धूर वर गेला, डबड्याला धडकला आणि माझ्याच छातीत परत आला. घुसमटून मी बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. कोणी बॅटरी पाहिली, कोणी डिझेलचा वास घेतला. वर कोणी बघेल तर शपथ! प्रेमराजने फोनवर बिचाऱ्या सुकदेवला झापलं, "तू इंजिन बिघाडी टाकं!" मग त्याने ढाबेवाल्याला गाडी पाठवायला सांगितलं.

ते ऐकून आबा खुर्चीतून उठले आणि थेट माझ्यापुढे आले. "ऊठ ना रे, मुडद्या! बठ्ठा गाव देखी ऱ्हायना!" असं ओरडत त्यांनी काठी उगारली. बॉनेटचा रंग जाईल म्हणून प्रेमराजने त्यांचा हात वर ढकलला आणि काठी बसली ती धुरांड्यावर. रंगाला तडा गेला, डबडं हललं. आबा तोवर माझ्या सीटवर चढले होते. त्यांनी किल्ली फिरवली.

फाट्! डबडं आभाळात आणि काजळी प्रेमराजच्या सदऱ्यावर.

"हाई त मनं डबडं शे!" भिकुबाई आपलं डबडं ओळखून ओरडल्या.

मग आम्हाला कोण थांबवतो? मागून प्रेमराज "आबा, रंग जाई! कपडा!" करत धावत होता. बांधावरच्या बाभळीने माझा रंग खरवडला. आबांचं धोतर काळंकुट्ट झालं. शेतात पोचल्यावर मी फार दिवसांनी पोटभर बोललो. आबाही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्याला धुवा, पुसा, हौसेने नटवा. पण आधी त्याच्या तोंडावरचं डबडं काढा.