पांढरी आरामखुर्ची

सुनेच्या अंधेरीतल्या नव्या घरात सगळं पांढरं होतं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, सोफा तर असा की बसण्याआधी माणसाने पँट झटकावी. "बाबा, तुमचं ते काळपट फर्निचर इथे नाही हो शोभणार," असं गार्गी हसत म्हणाली होती आणि मुलाने, शौनकने, मान डोलावली होती. बोलणं फर्निचरचं होतं, पण श्यामकांतांनी ते स्वतःला लावून घेतलं. बायको, कुंदा, गेल्यापासून मुलुंडच्या घरात ते एकटेच होते. अंधेरीहून एकदा 'इकडेच या राहायला' असा फोन यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आपण होऊन मागणं मात्र त्यांच्या रक्तात नव्हतं.

म्हणून त्यांनी खडा टाकून पाहायचं ठरवलं. आपली सागवानी आरामखुर्ची पांढरी करायची. खुर्ची त्या घरात खपली, तर तिच्यात बसणारा माणूसही खपून जाईल!

दुकानदाराने चॉक पेंटचा डबा दिला. खडूसारखा कोरडा रंग, जराही चकाकत नाही. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून श्यामकांत कामाला लागले. पहिल्या हातातून जुन्या पॉलिशचे तपकिरी डाग वर आले, दुसऱ्यातूनही आले. सागवान मोठं हट्टी. शेवटी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात मारून ते दाबले आणि पुन्हा रंग दिला. मग मोबाइलवर लावलेल्या रंगकामाच्या व्हिडिओतली बाई म्हणाली, कडा पॉलिश पेपरने घासा, म्हणजे जुनी दिसेल. चाळीस वर्षांची खुर्ची आधी नवी करायची आणि मग जुनी दिसावी म्हणून घासायची! हौसेला मोल नसतं, म्हणत त्यांनी तेही केलं आणि वरून मेण चोळलं. दहा दिवस बरे गेले.

टेम्पोने खुर्ची अंधेरीला पोचली आणि लगेच गार्गीचा फोन आला. "बाबा, एकदम झकास! रविवारी याच बघायला."

रविवारी श्यामकांत इस्त्रीचा सदरा घालून गेले. खुर्ची खिडकीपाशी ठेवली होती, छान उजेडात. बैठकीवर मनीप्लांटची कुंडी होती. येणारे-जाणारे खुर्चीचे फोटो काढतात, असं शौनक कौतुकाने सांगत होता. श्यामकांत सवयीने कुंडी उचलायला वाकले.

"बाबा, तिथे नको ना, सोफ्यावर बसा," गार्गी मायेने म्हणाली. "एवढी मेहनत घेतलीत, रंग जाईल."

"हो गं, बरोबर आहे," म्हणत ते सोफ्याच्या कडेला टेकले. फार वाईट वाटलं त्यांना. राहायला येण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. लिफ्टपाशी सोडायला आलेल्या गार्गीने तेवढं विचारलं, "बाबा, तुमच्याकडे असं अजून काही जुनं आहे का हो?"

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, आधी खोल्या धुंडाळल्या. टीपॉय, स्टूल, कुंदाची शिवणाची पेटी आणि कपाट. चार वस्तू निघाल्या. एकेकीला महिना लावला, तर चार वेळा बोलावणं येणार होतं. त्यापुढचं त्यांना सुचेना, म्हणून कपाट सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरवलं. ते मोठं होतं, दोन महिने सहज लागले असते.