इवाउराचे तळवे

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पाटी आहे. तुमच्या दोन तळहातांएवढी, जाड फळीत ठोकून बसवलेली. माझ्यावर कुशीत बाळ घेतलेली मरियामाता आहे, म्हणजे होती. आता तिला नाक नाही, डोळे नाहीत, आणि बाळाचा नुसता उंचवटा उरलाय. कोणी हातोडा मारला नाही हो. माणसांचे पाय पडून पडून मी अशी झाले.

नागासाकीच्या तोकुबेई ओताऱ्याने मला साच्यातून काढलं, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "एवढी सुरेख कशाला केलीत? तुडवायलाच तर हवीय."

"ओबडधोबड तोंडावर कोणीही पाय देईल," तो म्हणाला. "सरकारला तसली नको."

जपानवर हुकूमत करणाऱ्या शोगुनच्या राज्यात तेव्हा ख्रिस्ताचं नाव घेणं म्हणजे मरण होतं. परदेशी पाद्री कधीच संपले होते. त्यांची माणसं मात्र गावोगाव लपून राहिली होती, आणि त्यांना हुडकायला मी होते. दर वर्षी पहिल्या महिन्यात मला मुखियाच्या ओसरीवर मांडत, एकेक नाव पुकारत, आणि ज्याने त्याने अनवाणी माझ्यावर पाय द्यायचा. आजाऱ्याच्या अंथरुणापाशी मलाच नेत. तान्ह्याचे पाय धरून टेकवत. जो कचरला तो गेला, आणि बहुतेकदा त्याच्या मागोमाग त्याचं घर.

तळव्यांतून मला माणूस कळे. बहुतेक तळवे कंटाळलेले असत. पण समुद्रकाठच्या इवाउरा वाडीतल्या प्रत्येक तळव्यात काळीज धडधडायचं. सगळी वाडीच त्या आईला मानणारी होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कशी?

एका वर्षी तिथे बर्फ वितळून घोट्याएवढा चिखल झाला होता. किसा नावाची तरुण विधवा पुढे आली. पाठीला तिची मुलगी बांधलेली होती. तिचा पाय पडला आणि मी दचकले. तळवा गार होता, ओला होता आणि अगदी स्वच्छ होता. आईच्या चेहऱ्याला चिखल लागू नये म्हणून वेडीने ओसरीलगतच्या विहिरीवर पाय धुतले होते.

तपासनीस ओनुकी खाली वाकला. "सारी वाडी चिखलात लोळून आलीय. तुझेच पाय बरे एवढे चकचकीत?"

किसाच्या पाठीवरची पोर रडायला लागली.

"सरकार, मीच धुवायला लावले," मागून तिचा सासरा जिनसुके म्हणाला. हा म्हातारा कोळी. डाव्या पायाची करंगळी नावेच्या दोरात तुटलेली, त्यामुळे त्याचा पाय मी चाळीस वर्षं ओळखत होते. "म्हटलं, सरकारी वस्तू आहे. घाण झाली तर आम्हालाच घासायला लावाल."

दोघेतिघे हसले. ओनुकी हसला नाही. "पाय धुऊन माणूस पूजेला जातो, म्हाताऱ्या. कोणाची पूजा करते ही?"

"ती नाही, मी करतो. तिला यातलं काही ठाऊक नाही. या वाडीत तसला मी एकटाच."

"मामंजी, असं काय..." किसा पुटपुटली.

"तू गप्प बस, सूनबाई. पोरगी रडतेय, तिला बघ."

ओनुकीने त्याला पाय द्यायला सांगितलं. चाळीस वर्षं बिनबोभाट देत आलेल्या जिनसुकेने त्या दिवशी पाय उचललाच नाही. त्याला बेड्या घालून नेलं. चौथ्या दिवशी तो मेल्याची बातमी आली. किसाने पाय दिलेला होता, म्हणून ती सुटली आणि वाडी वाचली.

पुढच्या वर्षी लख्ख ऊन होतं, चिखलाचं नाव नव्हतं. सगळी नावं पुकारून होत आली आणि माझ्यावर एक पाय पडला. नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. ओसरीवर माझ्याजवळ कोणी उभंही नव्हतं. त्याला वजन नव्हतं, गारवा तेवढा होता. कोरड्या पितळेवर सगळ्यांदेखत ओला तळवा उमटला. त्याला बोटं चारच होती.

ओनुकीने फडक्याने तो पुसला. तो पुन्हा उमटला. ओनुकीने फडकं टाकलं. मग त्याने किसाकडे पाहिलं. "तुझ्या सासऱ्याचा ना? चल, तूच पुस. पायाने."

किसा ओसरीवर चढली. देवाच्या आईवर ती रडतरडत पाय देत आली होती. आता ज्याने तिच्यासाठी जीव दिला, त्याच्यावर द्यायचा होता. आणि नाही दिला, तर पाठीवरची पोर जाणार होती, वाडी जाणार होती.

"मामंजी, माफ करा," ती ओठातल्या ओठात म्हणाली, आणि तिने पाय टेकवला.

मित्रांनो, मी वाट पाहत राहिले. वर ती सगळा भार देऊन उभी होती, ओनुकी बघत होता. पण तिचा तळवा मला लागलाच नाही. मध्ये तो गार पाय होता, आणि त्याने तिला झेललं होतं.

त्यानंतर माझी फळी कुजेपर्यंत इवाउराचा एकही तळवा माझ्यापर्यंत पोचला नाही. म्हातारे, बाया, टेकवलेली तान्ही पोरं, कोणाचाच नाही. ओनुकीला वाटायचं, तुडवताहेत.

आता मी काचेच्या पेटीत असते. मला घासूनपुसून ठेवतात, त्याबद्दल तक्रार नाही. मागणं एकच आहे. कोणाचं मन पारखायचं झालं, तर त्याला जे प्रिय आहे ते त्याच्या पायाखाली ठेवू नका. त्याचा पाय पडलेला तुम्हाला दिसेल. खाली कोण आडवं झालंय, ते नाही दिसायचं.